पहिल्या वेढ्यावरचा घाव

४ मार्च, मंगळवार

पहाटे अर्धवट झोपेत तोच आवाज. टिनाच्या छपराखाली अख्खा वर्ग नदीची कविता म्हणतो आहे. पहिला बाक आधी सुरू व्हायचा, मधले अर्ध्या शब्दाने मागे, भिंतीला टेकलेले त्याहून मागे. एकच ओळ समोरून मागे वाहत जायची, मागच्या भिंतीवर आपटायची आणि परत फिरायची. पहिल्या बाकावर मी आणि नामदेव. गलका कुणीही करो, गुरुजींची छडी पहिल्या बाकावरच उतरायची. हाताशी तोच होता ना.

तिसरं कडवं आठवलं नाही. नामदेवला ते मरेपर्यंत पाठ होतं.

फोनने जाग आली. नामदेवचा प्रल्हाद. गावच्या नळयोजनेची मोटर हाच चालवतो, आधी नामदेव चालवायचा.

"काकाजी, मोटर पुन्हा जयली."

कशी रे?

"मले काय मालूम. बटन दाबलं, घुर्र झालं, चूप. बंडूभाऊ म्हंते, तूच जायली."

नवं पॅनल बसल्यापासून मोटर जळायची ही तिसरी वेळ. जुन्या स्टार्टरवर मोटर वर्षानुवर्षं चालली, तेव्हा काय नामदेव तिला पंख्याने वारा घालत होता?

चहा गार झाला. मालती म्हणाली, "सकायीच कोनावर दात खाऊन राह्यले?"


६ मार्च, गुरुवार

गावी जाऊन आलो. बोरगावच्या घरून सेलू, पुढे हिंगणीच्या रस्त्याने ऑटो. पळस पेटलेला. पाहायचा नाही असं ठरवून बसलो होतो. पाहिला.

ग्रामपंचायतीच्या अंगणात बंडूने बांधलेली खोली. बाहेर संगमरवरी कोनशिला, आत फरशी, भिंतीला नवंकोरं पॅनल, हिरवं बटण, बटणाला अजून उद्घाटनाची लाल फीत. बंडू सरपंच, माझ्या चुलतभावाचा मुलगा. तोही मला काकाजीच म्हणतो. एक पुतण्या रक्ताचा, एक बाकावरचा.

विचारलं, विहीर नदीवर, मोटर नदीवर, मग पॅनल इथं काऊन?

"काकाजी, उद्घाटनाले पाहुणे पांढरे कपडे घालून येनार. थ्याइले नदीवर चिखलात नेऊ का? इथंच मांडव, इथंच बटन, इथंच नारय."

पाहुणे बटण दाबून गेले. पॅनल राहिलं. तिथून काळी केबल निघाली ती नाल्याच्या काठाने, लोकांच्या शेतांच्या धुऱ्यांवरून, बाभळींखालून थेट नदीपर्यंत. केवढी लांब! प्रल्हादने बटण गावात दाबायचं आणि सायकल हाणत नदीवर व्हॉल्व्ह पाहायला जायचं. बंडूचं म्हणणं, तो जातच नाही, मोटर कोरडी चालते, तापते, जळते.

प्रल्हाद बाजूलाच उभा. एवढंच बोलला, "रोज जातो. नदीवरच्या कुत्र्याले इचारा."

बंडू हसला. प्रल्हाद नाही हसला.

मी त्या केबलकडे पाहत उभा राहिलो. एवढ्या लांब केबलच्या टोकाला काय होतं हे मी आयुष्यभर पोरांना फळ्यावर शिकवलं. पॉलिटेक्निकात, तोंड कोरडं होईस्तोवर. आणि माझ्याच गावात...


९ मार्च, रविवार

मुलाने टाकून दिलेला लॅपटॉप उघडला. दिवसभर बसलो.

फळ्यावर काढायचो ती माझी शिडी पुन्हा मांडली. वाइंडिंगचा एकेक वेढा म्हणजे एकेक पायरी. वेढ्यावेढ्यात एक बारका कंडेन्सर, प्रत्येक वेढ्यापासून लोखंडापर्यंत दुसरा. खरे कंडेन्सर नाहीत, पण वीज त्यांना खरेच मानते. नवीन पॅनल जुन्या स्टार्टरसारखं गुळगुळीत वीज सोडत नाही. तुकडे तुकडे करून झटक्यांनी सोडतं. प्रत्येक झटका म्हणजे उभ्या कड्याची लाट. ती केबलभर धावते, मोटरपाशी आपटते आणि धरणाच्या भिंतीवर चढावी तशी जवळपास दुप्पट उंच होते.

आणि ही उंची सगळ्या वेढ्यांत सारखी वाटली जात नाही. तिथंच सगळे फसतात. पहिला वेढा घाव खातो, दुसरा उरलेला, शेवटच्यांना पत्ताही लागत नाही. आलेख काढला. पहिल्या पायरीशी कडा, पुढे सपाट माळ. पाहून अंगावर काटा आला, इतकं ते आमच्या वर्गासारखं.

उपाय सोपा. पॅनल विहिरीवर न्या. नाही तर मधे चोक बसवा, लाटेची धार बोथट होईल. पण मग ती फरशीची खोली आणि कोनशिला कुणाच्या डोक्यावर ठेवायची?

मालतीने आलेख पाहिला. "हे का, बोर धरनाची भिंत काढली का?"


११ मार्च, मंगळवार

आकडे दाखवून गाव ऐकणार नाही. दोरीने दाखवावं. अंगणातली कपड्यांची दोरी सोडली, एक टोक फाटकाला सैल कडीत अडकवलं, दुसरं हातात धरून झटका दिला. लाट धावत गेली आणि कडीपाशी कशी उसळली! मन तीस वर्षांनी तरुण झालं.

मालती ओल्या कपड्यांची बादली घेऊन दारात. "अवो, दोरी नाचवून राह्यले तुमी, कपडे का माह्या डोक्यावर वायवू?"

गावात परवा ठरलं म्हणे, रविवारी सभा. प्रल्हादला काढायचं की नाही यावर. कसली सभा! ठरलेलंच ठरवायची सभा.


१३ मार्च, गुरुवार. होळी

कॉलनीतली पोरं बोंब ठोकून राह्यली. आज मुभा आहे. मला ग्रामपंचायतीच्या त्या खोलीपुढे उभं राहून, तोंडावर हात मारून, कोनशिलेवरच्या एकेका नावाने बोंब मारावीशी वाटते. वय झालं म्हणून लोक सोडून देतील. त्याचाच जास्त राग येतो.


१६ मार्च, रविवार

सभा.

मंदिराच्या सभामंडपात बसलो. बंडू, पाणी समिती, बायका एका बाजूला हंडे घेऊनच आलेल्या, कारण मोटर जळल्यापासून टँकर. कंत्राटदारातर्फे एक इंजिनिअर मुलगी, शीतल. गळ्यात ओळखपत्र, पुस्तकी मराठी, चेहऱ्यावर रेषा नाही.

मी दोरी सैल कडीने खांबाला अडकवली. म्हटलं, बघा, ही केबल. झटका दिला. लाट गेली, उसळली, कडी सुटली आणि दोरीचं टोक चहाच्या किटलीवर. किटली समितीवाल्याच्या धोतरावर. सगळा मंडप हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "सरचा करंट लागला रे!"

हसा. ठीक आहे. मी आलेख काढला. पहिल्या वेढ्यावर घाव कसा पडतो ते सांगितलं. केबल इतकी लांब ठेवली म्हणून मोटर जळते, माणसामुळे नाही. आणि ठेवली कशासाठी? पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांसाठी.

इथं हसू थांबलं. बंडूचा चेहरा उतरला. एक बाई हंड्यावर थाप मारून म्हणाली, "बराबर हाय."

मग ती मुलगी उठली. "सर, आदर ठेवून सांगते. तुमच्या हिशेबाने वाइंडिंग टोकाला, टर्मिनलजवळ जळायला हवं होतं. आम्ही मोटर उघडली. टोकाला काही नाही. खाचेत आत, तारांच्या गठ्ठ्याच्या मधोमध जळालं आहे. मधोमध जळणं म्हणजे मोटर तापली. तापली म्हणजे कोरडी चालली."

मी आ वासून उभा. फळ्यासमोर आयुष्य काढलेला माणूस.

बंडू लगेच, "झालं मंग. काकाजीनं कष्ट घेतले, थ्याइचे आभार." प्रल्हादने पाडवा झाला की सोमवारी चाव्या परत द्यायच्या. त्याच दिवशी नवी मोटर बसणार. त्याच पॅनलवर, त्याच केबलवर!

प्रल्हादने माझी दोरी गुंडाळून हातात दिली. नामदेव असता तर निदान हसला असता.


१७ मार्च, सोमवार

मधोमध. मधोमध काऊन?

शिडी दहादा तपासली. चूक नाही. तरी ती मुलगी खोटं बोलत होती असंही वाटत नाही. तेच जास्त खुपतं. खोटी असती तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. जेवलो नाही. मालती म्हणाली, राग आन्नावर काऊन काढता, आन्न काय सरपंच हाय?


१९ मार्च, बुधवार

गावी गेलो होतो. प्रल्हादच्या घरी. तो नदीवर, मोटर नसली तरी विहिरीची पाणी मोजायची फळी पाहायला गेलेला. त्याची बायको दारातच म्हणाली, "टँकरवर बाया मले बोलतेत, तुह्या माणसानं मोटर खाल्ली. पोरगी शायेत जात नाई, पोरं चिडवतेत." पाणी दिलं. तेच टँकरचं.

येताना सेलूला काळीपिवळी जीप. मी सगळ्यांत आधी चढलो, आत कोपरा धरून बसलो. मग ड्रायव्हर माणसं कोंबत गेला, कोंबत गेला. शेवटी पिशवीत कोंबडी घेतलेला एक बाप्या शिरला. त्याला जागा कुठे? सरकत, दबत, माणसांवरून जात माझ्याच मांडीवर. पहिला चढलेला मी, शेवटी चढलेला तो, आणि कोंबडीची चोच माझ्या बुशकोटात.

तिथंच लख्ख झालं.

अरे मूर्खा! तू शिडी मांडलीस तशी तार रांगेत बसते कुठे? ही मोटर हाताने भरतात. शंभर वळणांची तार मुठीत धरून खाचेत दाबतात, काळीपिवळीत माणसं दाबतात तशी. पहिला वेढा टोकाला राहतच नाही. तो गठ्ठ्याच्या मधे जातो, आणि त्याला चिकटून बसतो कोण? शेवटचासुद्धा बसू शकतो! मग दोघांमध्ये एका वेढ्याचं अंतर नाही, अख्ख्या कॉइलवर आलेला घाव त्या दोघांमधल्या व्हार्निशच्या पापुद्र्यावर. पंक्चर होणार ते तिथंच. मधोमध.

आनंदाने ओरडलो असेन. कोंबडीवाला म्हणाला, "बाबा, चावली का तुमाले?"

घरी येऊन पहिली पायरी शेवटच्या पायरीला खेटवून हिशेब मांडला. कडा असा उभा राहिला की पडदा पुरेना. पण हा अजून माझाच हिशेब. जळालेली कॉइल उघडून, जळाल्या जागी पहिला वेढा शेवटच्याला खेटलेला आहे की नाही हे कुणीतरी पाहायला हवं. मोटर मात्र कंत्राटदाराने उचलून जाम गावच्या गोदामात नेली.


२२ मार्च, शनिवार

जामला गेलो. ऊन म्हणजे तवा. चौकात एसटीने सोडलं, तिथून गोदामापर्यंत हायवेच्या कडेने पायी. ट्रक अंगावर धूळ उडवत जात होते. छत्री होती. छत्रीने काय होतं.

फाटकावर वॉचमन. माझ्याच वयाचा, खुर्चीवर, पायात मोजे. "शनिवारी कोनी नाई. मोटर पाह्याची? चिठ्ठी हाय का?"

म्हटलं, जळकी मोटर आहे, भंगार आहे, मी चोरायला नाही आलो, एकदा पाहू द्या.

"भंगारच त आधी चोरतेत, बाबाजी."

आवाज चढला. माझा. रस्त्यावरचे भजीवाले पाहायला लागले. शेवटी फाटकाची जाळी धरून म्हटलं, "नाही सोडत तर नका सोडू. तुमच्या त्या शीतल मॅडमले सांगा, मंदिरातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं म्हणा. मधोमध जळालं हे खरं. पण जिथं जळालं तिथं पहिला वेढा शेवटच्याले खेटला होता का, तेवढं डोळे उघडून पाहा म्हणावं! नाही पाहिलं तर कॉलेजात काय शिकल्या म्हणावं!"

वॉचमन शांतपणे, "एवढं नाई ध्यानात राहनार. पहिला शेवटच्याले खेटला. बस, एवढं सांगतो."

भजी खाल्ली नाहीत. उगाच तेवढाही हट्ट केला.


२३ मार्च, रविवार

पाय सुजले. मालतीने गरम पाणी आणून ठेवलं, शब्द बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिचंही डोकं तापलेलं असतं. कुणावर, विचारायची हिंमत झाली नाही.


२६ मार्च, बुधवार

प्रल्हाद आला होता. सायकलने, एवढ्या लांबून. सोबत चिंचेचे गोळे, बायकोने पाठवलेले.

"काकाजी, राहू द्या आता. जामले गेलते म्हनून समजलं. कायले उन्हातानात फिरता."

म्हटलं, तुला काढून राह्यले आणि तू मलाच समजावतो?

"मले नोको थे काम. वर्ध्यात कुठं बी मिळन. पन मोटर मी जायली म्हनून काढू नोका. नाई जायली मी. बाबाच्या हातची मोटर होती थे."

लॅपटॉप दाखवला. त्याने नीट पाहिला, मान हलवली. "तुमाले समजलं, मले समजलं. बंडूभाऊले कसं समजनार? थ्याच्या नावाचा दगड हाय तिथं."

जाता जाता तिसऱ्या कडव्याचं सहज बोललो. तर हा सायकल धरून उभ्या उभ्या म्हणायला लागला! बाप म्हणायचा म्हणे, मोटर सुरू करताना. अख्खं कडवं, एक शब्द न चुकता, नामदेवच्याच ठेक्यात, ओळीच्या शेवटी तसाच हेल.

मी आत गेलो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही राग आला. इतकी वर्षं कविता कविता करत बसलो, आणि ती राहिली कुणाकडे! ज्याला सोमवारी चोरासारखं काढणार आहेत त्याच्याकडे.

बाहेर आलो तोवर तो निघून गेला होता.


२८ मार्च, शुक्रवार

बंडूला फोन केला. सांगितलं, नवी मोटरही जळेल. आज ना उद्या. मग कुणाला काढशील?

"काकाजी, तुमी आराम करा. पाडव्याले पुरनपोळी खायले या."

पुरणपोळी! फोन आपटावा तर आता आपटायलाही फोन राहिले नाहीत. बोटाने हळूच बंद करावा लागतो.


३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. मालतीने साडी नवी लावली, गडू जुनाच. कडुलिंबाचं पान चावून तोंड कडू केलं, तसं ते आधीच होतं. उद्या सोमवार. चाव्या. नवी मोटर म्हणे सकाळीच बसणार.

दुपारी लॅपटॉप बंद करून माळ्यावर टाकायला काढला. पुरे झालं. म्हाताऱ्याचं ऐकायची रीत या गावात कधी होती? होती. पण कविता म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचं ऐकायची, एवढीच. हिशेब म्हाताऱ्याने सांगितलेला लोकांना खपत नाही.

पाच वाजले असतील, फाटक वाजलं. मालतीला वाटलं शेजारच्यांचा प्रसाद. उघडायला गेली, तिथूनच हाक, "अवो, तुमच्याकडे कोनी पोरगी आली. पोतं घेऊन."

पोरगी म्हणजे शीतल. कंत्राटदाराची ती. गळ्यात ओळखपत्र नाही, ओढणी तोंडाला बांधलेली, स्कूटीवरून उन्हात आलेली. पायरीवर पोतं ठेवलं तर फरशी वाजली. काहीतरी जड.

सभेत होती तशी पुस्तकी मराठी नव्हती तोंडात. "सर, मी समुद्रपूरची. त्या दिवशी मीटिंगमधे साहेबानं जे सांगितलं थे बोलली. वॉचमन बाबानं मले तुमचं सांगितलं. हसत हसत सांगितलं, पहिला शेवटच्याले खेटला म्हनून एक म्हातारा वरडून गेला. मी काल कॉइल काढली."

मी म्हटलं, मग?

"मले एकटीनं पाह्याचं नाई. मले जे वाटते, थे खरं का खोटं नाई समजत. तुमी पाहा. कोनाले सांगितलं नाई मी इथं आली म्हनून. उद्या सकाळी आठ वाजता मोटर बसते."

मालतीने तिला पाणी दिलं. पोरीने ओढणी सोडून पोतं पुढे ओढलं तसा आतून वास आला. जळक्या व्हार्निशचा. वर्कशॉपात रात्रंदिवस नाकात बसलेला, ओळखीचा, कडू वास. कडुलिंबापेक्षा कडू.

पोत्याचं तोंड सुतळीने करकचून बांधलं आहे. गाठ सुटत नाही. मी ओढतो आहे, ती ओढते आहे, दोघांचे हात काळे झाले. मालती आत विळी आणायला गेली आहे, तेवढ्यात हे दोन शब्द खरडून ठेवतो. पुढचं विळी आल्यावर.